निर्माल्यात गेलेला पासवर्ड

मराठीत माझ्याइतके शब्द कुणी लिहिले नसतील. लिहिले म्हणजे यंत्राकडून लिहवून घेतले. पण ते हल्ली बरेच जण करतात. माझ्या शब्दांचं वैशिष्ट्य असं, की त्यातल्या एकालाही अर्थ नाही. चुकून एखाद्याला अर्थ आलाच, तर गिऱ्हाईक फोन करून ओरडायचं आणि मला तो शब्द मागे घ्यावा लागायचा. अर्थ येऊ नये म्हणून आयुष्यभर पगार घेतलेली आपल्या भाषेतली मी एकटीच, असं म्हणणार होते. पण परिसंवादांना बरीच हजेरी लावलेली असल्यामुळे म्हणत नाही.

काम काय होतं ते सांगते. तुम्ही रक्त तपासायला जाता, काउंटरवरची मुलगी तुमचं नाव टाइप करते आणि कागदावर एक लांबलचक नंबर छापून देते. तो नंबर मोबाइलवर टाकला की रिपोर्ट दिसतो. आता हे नंबर एक, दोन, तीन असे ओळीने दिले, तर पाचशे बारा नंबरवाला माणूस घरी जाऊन पाचशे तेरा टाकून बघणारच. शेजाऱ्याचा रिपोर्ट वाचायची इच्छा होत नाही असा माणूस निदान आमच्या मुलुंडमध्ये तरी मला भेटलेला नाही. म्हणून नंबर असा हवा, की त्याच्या पुढचा-मागचा कुणाला ओळखता येऊ नये आणि तोच नंबर दोघांना जाऊ नये. पासवर्डचंही तसंच. नवीन खातं उघडलं की लहान मुलाने कीबोर्डवर बुक्क्या मारल्यासारखा जो पहिला पासवर्ड येतो, आणि जो बघून तुम्ही कपाळावर हात मारता, तो तयार करणारं कुणीतरी असतं. अंधेरीच्या एमआयडीसीत, एका औद्योगिक गाळ्याच्या तिसऱ्या मजल्यावर, ते कुणीतरी मी होते. आमच्या खालच्या मजल्यावर पँटच्या चेन बनायच्या. त्यांचा माल आमच्यापेक्षा जास्त लोकांच्या उपयोगी पडला आणि अडकलाही कमी.

घरच्यांना हे समजावणं कठीण होतं. सासूबाईंनी शेवटी स्वतःपुरती सोपी व्याख्या केली आणि ती बिल्डिंगभर सांगितली, ‘‘आमची नीला आकडे काढते.’’ त्यानंतर तळमजल्यावरचे एक गृहस्थ, जे एरवी माझ्याकडे बघतही नसत, जिन्यात थांबून हळूच विचारायला लागले, ‘‘वहिनी, उद्याचा काय?’’

आमच्या मालकांना साधेपणाचं वावडं होतं. मी लिहिलेल्या दीड पानाच्या त्या प्रोग्रॅमचं त्यांनी ‘ब्रह्मास्त्र’ असं नामकरण केलं, शाल पांघरून उद्घाटन ठेवलं आणि सर्व्हरसमोर नारळ वाढवला. नारळाचं पाणी खालच्या एक्स्टेंशन बोर्डात गेलं आणि पूर्ण मजल्याची वीज गेली. अंधारात कुणीतरी टाळ्या वाजवल्या. ब्रह्मास्त्र चाललं, फक्त आमच्यावर चाललं.

गिऱ्हाइकं तर विचारूच नका. बोरिवलीच्या एका क्लबच्या कार्यकारिणीने ठराव करून आमच्याकडून सभासद क्रमांक मागवले. जुना सभासद मोठा, नवा लहान असा भेद नको, म्हणून सगळ्यांचे नंबर उलटसुलट, रँडम हवेत. विचार मला पटला. निघताना सेक्रेटरी मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘‘मॅडम, रँडमच पाहिजे. फक्त अध्यक्षांचा एक यायला पाहिजे.’’

‘‘मग ते रँडम कसं?’’

‘‘नैसर्गिकपणे यायला पाहिजे,’’ ते म्हणाले. ‘‘उपाध्यक्षांचा दोन.’’

घाटकोपरच्या एका लॅबच्या डॉक्टरांची तक्रार वेगळी. एका पेशंटच्या नंबरात सगळे चारच आले. मी त्यांना सांगितलं की इतर कुठलाही नंबर येण्याची जेवढी शक्यता, तेवढीच याची. ते म्हणाले, ‘‘असेल हो. पण रँडम वाटत नाही.’’ शेवटी मी प्रोग्रॅममध्ये चार ओळी घातल्या, की जे रँडम वाटत नाही ते फेकून दे. म्हणजे खरं होतं ते थोडं खोटं केलं, खरं वाटावं म्हणून. डॉक्टर खूश झाले. या कामाबद्दल आलेलं हे माझं एकमेव कौतुकपत्र.

त्याच लॅबचं दुसरं प्रकरण मात्र चिघळलं. आकड्यांऐवजी इंग्रजी अक्षरं वापरायला लागल्यावर एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या रिपोर्टवर जी अक्षरं जुळून आली, ती मराठीत वाचली तर त्यांच्या मातोश्रींविषयी होती. आमच्याकडे तातडीची बैठक बसली. यंत्राने कुठले शब्द टाळायचे त्याची यादी करायची होती. मालक अध्यक्षस्थानी. आम्ही सगळे सुशिक्षित घरातले, ‘मूर्ख’ आणि ‘गाढव’ यापुढे कुणाची गाडी जाईना. मग मालक म्हणाले, ‘‘परबांना बोलवा.’’

परब आमचा टेस्टर. म्हणजे मी लिहिलेला प्रोग्रॅम गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी त्यातल्या चुका शोधून काढायचा त्याला पगार मिळायचा, आणि तो पगाराच्या मानाने जरा जास्तच काम करायचा. मूळचा मालवणकडचा, राहायला कांजूरमार्गच्या एका चाळीत. आम्ही एकाच वर्षी नोकरीला लागलो, म्हणून पहिल्यापासून अरे-तुरे. तो आत आला, विषय ऐकला, खुर्ची ओढून बसला आणि अत्यंत शांतपणे, एखाद्या पोथीसारखं, सुरू झाला. पहिल्या पाच मिनिटांतच टिपण घेणाऱ्या बाईंनी पेन खाली ठेवलं. मालकांनी पाणी मागवलं. शेवटी ठरलं, की यादीचा नाद सोडायचा आणि अक्षरांतून स्वरच काढून टाकायचे, म्हणजे शब्द बनणारच नाही.

‘‘काय उपयोग?’’ परब उठता उठता म्हणाला. ‘‘मालवणी माणसाला स्वर लागत नाहीत.’’

हा परब आणि मी आता दोघंही निवृत्त आहोत. आणि मला खरं सांगायचं आहे ते त्याच्या वडिलांबद्दल.

परबचे वडील, तात्या, एके काळी गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर भांडुपच्या एका कारखान्यात वॉचमन झाले. पण त्यांची खरी जागा वेगळी. त्या चाळीत बहुतेक बिऱ्हाडं त्यांच्याच गावची, आणि दर सव्वीस जानेवारीला, सुट्टी असते म्हणून, चाळीची सत्यनारायणाची पूजा. त्या पूजेत गाऱ्हाणं घालायचे ते तात्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे उभं राहून सगळ्यांच्या वतीने मोठ्याने मागणं. एकाने मागायचं आणि बाकीच्यांनी दर वाक्याला ‘‘व्हय म्हाराजा’’ म्हणून अनुमोदन द्यायचं. इतकी सुरळीत चालणारी सभा मी दुसरी पाहिलेली नाही. मात्र यात एक मेख असते. गावातल्या कुठल्या देवाला आधी हाक मारायची आणि कुठल्या नंतर, याचा क्रम ठरलेला. ग्रामदेवता, वेशीवरचा, चव्हाट्यावरचा, वडाखालचा राखणदार. क्रम चुकला तर ज्याचा नंबर मागे गेला तो रागावतो. हे मला लगेच पटलं. बोरिवलीच्या क्लबमध्ये मी तेच पाहिलं होतं.

मी देव मानत नाही आणि ते लपवतही नाही. पण त्या पूजेचा शिरा फार चांगला असायचा, म्हणून मी दर वर्षी मुलुंडहून जायचे.

एका वर्षी परबने ठरवलं, की तात्यांचं गाऱ्हाणं रेकॉर्ड करून ठेवायचं. त्याला स्वतःला ते अर्धंमुर्धंच येत होतं. तात्या तयार होईनात. ‘‘देवाक सांगूचा तां डब्याक कित्याक सांगू?’’ असा त्यांचा सवाल. शिवाय जवळपासच्या एका ऑर्केस्ट्रात कुणीतरी गाऱ्हाण्याची नक्कल करून लोकांना हसवलं होतं, ते त्यांना लागलं होतं. आपलं गाऱ्हाणं असं कुणाच्या हातात पडून त्याचा तमाशा होईल, ही भीती.

इथे मी तोंड घातलं. मला कुणी विचारलं नव्हतं. मी शिरा खायला आले होते. पण ‘हातात पडू नये’ हे शब्द कानावर आले की आमच्यासारख्यांच्या अंगात येतं. मी म्हटलं, ‘‘तात्या, तुम्ही बिनधास्त बोला. मी त्याला असं कुलूप घालून देते, की जगातलं कुणी उघडणार नाही.’’

तात्या तयार झाले. परबकडे ऑफिसच्या भंगारातून जोडून आणलेला एक कॉम्प्युटर होता. पूजेत त्यावर रेकॉर्डिंग झालं. मग मी पर्समधून पेन ड्राइव्ह काढला. त्यात माझा स्वतःचा, घरगुती, पासवर्ड बनवायचा प्रोग्रॅम कायम असायचा. काही बायका पर्समध्ये सेफ्टी पिन ठेवतात तसा. तो चालवला, सोळा अक्षरांचा पासवर्ड आला, त्याने फाइल बंद केली, पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून परबच्या हातात दिला आणि सांगितलं, ‘‘सुरक्षित जागी ठेव. माझ्याकडे याची प्रत नाही. असताच कामा नये.’’ हे वाक्य मी गिऱ्हाइकांना सांगायचे त्याच आवाजात सांगितलं. मग शिरा खाल्ला.

परबच्या बायकोने, सुलभाने, चिठ्ठी देव्हाऱ्यात गणपतीच्या तसबिरीमागे ठेवली. मुंबईच्या घरात त्याहून सुरक्षित जागा नाही. तिथे ती वर्षानुवर्षं नीट होती. तात्या गेले तेव्हाही होती.

गेल्या वर्षी चाळ पुनर्विकासाला गेली. बिऱ्हाडं पांगणार, कुणी दहिसरला भाड्याने, कुणी डोंबिवलीला. जानेवारीची पूजा ही जुन्या चाळीतली शेवटची. ती साधीसुधी आटपायची नाही, गाऱ्हाणं झालंच पाहिजे, आणि ते तात्यांच्या मुलानेच घातलं पाहिजे, असं चाळीने ठरवलं. पूजा आठवड्यावर आली तेव्हा परबचा दुपारी फोन आला.

‘‘नीला, वाट लागली.’’

‘‘काय झालं?’’

‘‘चिठ्ठी नाय. सुलभाने दिवाळीत देव्हारा साफ केला. सुकलेली फुलं, दुर्वा, जुने कागद, सगळं निर्माल्यात दिलं. तुझी चिठ्ठीपण.’’

मागून सुलभाचा आवाज आला, ‘‘देवाजवळचा कागद होता, कचऱ्यात कसा टाकणार ना मी?’’

या युक्तिवादात मला आजही खोट काढता आलेली नाही. सोसायट्यांतलं, चाळींतलं निर्माल्य हल्ली खतासाठी जातं. माझा पासवर्ड एव्हाना एखाद्या बागेत कर्दळीला घातला गेला असणार.

परब म्हणाला, ‘‘तूच बनवलेलास. आता तू उघड.’’

मी त्याला व्याख्यान दिलं. सोळा अक्षरं, प्रत्येक जागी इतके पर्याय, त्यांचा गुणाकार, जगातले सगळे कॉम्प्युटर जुंपले तरी सूर्य थंड होईपर्यंत उघडायचं नाही वगैरे. हे व्याख्यान मी आयुष्यभर गिऱ्हाइकांना दिलं आहे आणि ते देताना माझा आवाज आपोआप थोडा चढतो. परबने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

मग परब म्हणाला, ‘‘मला चव्हाट्यापर्यंत येतं गो. त्याच्या पुढचं येत नाय. गावाला फोन केलेला. तिकडे आता जो घालतो त्याचा क्रमच वेगळा. घालणाऱ्या म्हाताऱ्यांतलं कोण उरलं नाय. म्हणजे तात्या आत आहेत, आणि चावी खतात.’’

मग तो त्याच्या नेहमीच्या आवाजात म्हणाला, ‘‘पण एक सांग. इतकी वर्षं तुझं काम मी तपासलं. एकदा तरी तू दिलेलं पहिल्या फटक्यात बरोबर निघालंय? मग हेच कसं काय चोख निघालं?’’

मला राग आला. फोन ठेवला आणि त्याला दाखवून द्यावं म्हणून तो जुना प्रोग्रॅम शोधायला बसले. माझ्याकडे सगळं असतं. ‘शेवटचं’, ‘नक्की शेवटचं’ आणि ‘आता खरंच शेवटचं’ अशा तीन फोल्डरांपैकी पहिल्यात तो सापडला. वाचला. आणि लक्षात आलं, की परबचं बरोबर आहे.

यंत्राला मनाला येईल तो आकडा सांगता येत नाही, कारण त्याला मन नाही. त्याला एक सुरुवातीचा आकडा द्यावा लागतो. त्याला ते गुणतं, भागतं, उरलेल्याला पुन्हा गुणतं, आणि त्यातून जे बाहेर पडतं ते आपल्याला अगदी बेभरवशाचं वाटतं. प्रत्यक्षात सुरुवातीचा आकडा तोच दिला, तर मागाहून येणारी रांगही डोळे मिटून तीच. म्हणून सगळी मदार त्या पहिल्या आकड्यावर. बँकाबिंकांच्या कामात तो मिळवायच्या चांगल्या पद्धती असतात, आणि ऑफिसात मीही त्या वापरायचे. पण या घरगुती प्रोग्रॅमसाठी मी आळशी माणसाची पद्धत वापरली होती: घड्याळाला विचारायचं. प्रोग्रॅम ज्या सेकंदाला चालवला तो सेकंद, हा पहिला आकडा. तेव्हा हौशी लोक सर्रास असंच करायचे.

म्हणजे सूर्य थंड व्हायची गरज नव्हती. पूजेचा दिवस माहीत असला, की त्या दिवसातला एकेक सेकंद घ्यायचा, त्यातून पासवर्ड काढायचा आणि लावून बघायचा. हे सगळं यंत्रच करणार. आपलं काम वाईट असावं, अशी मनापासून इच्छा मी त्या दिवशी पहिल्यांदा केली. एरवी ती माझ्या इच्छेशिवायच पूर्ण व्हायची.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन कांजूरमार्गला गेले. परबच्या खोलीत अर्धं सामान खोक्यांत भरलेलं. दिवस नक्की होता, सव्वीस जानेवारी, प्रश्न वर्षाचा. परब म्हणाला, तात्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं त्याच्या पुढचं. सुलभा म्हणाली, ‘‘काहीतरीच काय, माझ्या अंगावर ती मोरपंखी साडी होती, ती मला वंदूच्या लग्नात मिळाली.’’ मग वंदूचं लग्न कधी, यावर दोघांची जुंपली. मी म्हटलं भांडू नका, ऑपरेशनपासून तात्या जाईपर्यंतच्या सगळ्या सव्वीस जानेवाऱ्या घेते.

यंत्र कामाला लागलं. सुलभाने चहा टाकला. पहिलं वर्ष गेलं, काही नाही. दुसरं गेलं. परब पडद्यासमोर मांडी घालून बसला होता, ऑफिसात बसायचा तसाच, हाताची घडी घालून. फरक एवढाच, की तेव्हा माझी चूक सापडली की त्याला आनंद व्हायचा, आणि आता सापडत नव्हती म्हणून चेहरा उतरत चालला होता. शेवटचं वर्षही गेलं.

‘‘झालं,’’ तो म्हणाला. ‘‘जन्मात एक काम चोख केलंस, आणि तेपण माझ्या घरी.’’

सुलभा म्हणाली, ‘‘अहो, त्यांना कशाला बोलताय? चिठ्ठी मी टाकली ना.’’ आणि एकदम तिचे डोळे भरले. ‘‘मामंजींचा आवाज होता तो. एवढाच होता.’’

मी मान खाली घालून उगाच लॅपटॉपची बटणं दाबत होते. परबनेच विचारलं, ‘‘फाइलवर तारीख असते ना गो? ती काय सांगते?’’

‘‘ती बघितली मी, फाइल लॅपटॉपवर घेतानाच. चुकीची आहे. एक जानेवारी दाखवते, आणि वर्ष असं की तेव्हा तुझ्याकडे कॉम्प्युटरसुद्धा नव्हता.’’

‘‘चुकीची आहे हे कोणी ठरवलं?’’

‘‘मी.’’

‘‘हेच. हेच तुझं,’’ परब गुडघ्यावर थाप मारून म्हणाला. ‘‘काहीतरी विचित्र दिसलं की म्हणायचं, चुकीचं आहे, सोडून दे. अगो, विचित्र दिसलं की थांबायचं असतं! त्यासाठीच मला पगार होता.’’ आणि तो स्वतःच थांबला. ‘‘एक जानेवारी ना? चाळीच्या नोटिसा मी त्याच डबड्यावर छापायचो. प्रत्येक नोटिशीखाली तारीख यायची एक जानेवारी. पाणी कधी येणार त्याची नोटीस लावली, तर खालचा सावंत मला हॅपी न्यू इयर करून गेला!’’

मी कपाला हात लावला होता, तो तसाच राहिला.

कॉम्प्युटर बंद असताना त्याचं घड्याळ चालू राहावं म्हणून आत शर्टाच्या बटणाएवढा एक सेल असतो. तो मेला, की यंत्राला काळाचा पत्ता राहत नाही. दर वेळी सुरू केलं की ते आपलं कारखान्यात ठरवून दिलेल्या जुन्या तारखेपासून, मध्यरात्रीपासून, मोजायला लागतं. ऑफिसच्या भंगारातल्या त्या डब्यातला सेल केव्हाच मेला होता. चाळीच्या कॅलेंडरवर काहीही असो, परबच्या टेबलावर रोज एक जानेवारीच उजाडायची. आणि मी तारीख विचारली होती ती त्या घड्याळाला.

मग पूजेची तारीख, ऑपरेशन, वंदूचं लग्न, कशाचीच गरज उरली नाही. कॉम्प्युटर सुरू केल्यावर किती वेळाने मी पासवर्ड बनवला, एवढाच सवाल. ती जुनी एक जानेवारी यंत्राला दिली. चहावर साय धरायच्या आत फाइल उघडली.

आधी खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग एक खोकला. मग तात्या, ‘‘लागला काय रे? लाल दिवो पेटलो? मगे सांगूक नको आधी?’’

सुलभाने पदर डोक्यावर घेतला. परब उठून उभा राहिला. का, ते त्यालाही माहीत नसावं.

गाऱ्हाणं सुरू झालं. एकेका देवाला हाक, आणि मागून सगळ्या चाळीचं ‘‘व्हय म्हाराजा’’. चव्हाटा आला. चव्हाट्याच्या पुढे परबचे ओठ हलायचे थांबले आणि तो नुसता ऐकत राहिला. कोर्टकचेऱ्या, पोराबाळांच्या नोकऱ्या, परगावी गेलेले, आजारी पडलेले, सगळं मागून झालं. आणि मग तात्या जरा थांबले. कुणाकडे तरी बघत असावेत.

‘‘आनि ह्यां चेडू आता जां काय कुलूप घालतला, तां चोराक उघडाचा नाय, पन घरच्यांका येळार उघडांदे रे म्हाराजा!’’

चेडू म्हणजे मुलगी, येळार म्हणजे वेळेला. मी तेव्हा पंचेचाळिशीला टेकले होते. मला त्या ओळीची आठवणच नव्हती. मी बहुधा शिऱ्याकडे बघत असेन. पण चाळीच्या ‘‘व्हय म्हाराजा’’त एक आवाज वेगळा, अर्धा सेकंद उशिरा आणि शुद्ध पुणेरी उच्चारात ‘‘होय महाराजा’’ म्हणणारा होता. परबने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

नास्तिक माणसाने अशा वेळी काय म्हणायचं असतं, ते माझ्या वाचनात कुठे आलेलं नाही. मागणं रास्त होतं. ते माझ्या निष्काळजीपणामुळे आणि एका मेलेल्या सेलमुळे पूर्ण झालं, एवढं मी सिद्ध करून दाखवू शकते. त्यापुढे मी बोलत नाही.

निघताना मी परबला म्हटलं, ‘‘आता नीट पद्धतीने, पक्का पासवर्ड घालून देऊ?’’

‘‘नको गो बाय,’’ तो म्हणाला. ‘‘तुझं चांगलं काम आम्हाला परवडायचं नाही. वाईट तेच बरं.’’ त्याने फाइल तशीच, उघडी ठेवली आणि सहा दिवस ती ऐकून पाठ केली.

पूजेला मी गेले. चाळीच्या चौकात मांडव होता. दारांवरच्या पाट्या काही जणांनी आधीच काढून घेतल्या होत्या, तिथे भिंतीला फिक्या रंगाचे चौकोन दिसत होते. परब नवा सदरा घालून देवापुढे उभा राहिला. त्याने गाऱ्हाणं सुरू केलं. चव्हाट्याशी आला तेव्हा मी आणि सुलभाने एकमेकींचा हात धरला. तो चव्हाटा ओलांडून पुढे गेला, वडाखालच्या राखणदारापर्यंत, एकही नाव मागेपुढे न करता.

मला वाटलं होतं, माझी ओळ तो गाळेल. आता कुठलं कुलूप आणि कुठलं चेडू? पण तो टेस्टर होता. मिळालं तसंच्या तसं म्हणायचं, मनाने काही बदलायचं नाही, ही त्याची सवय. त्याने ती ओळ शब्दन् शब्द घेतली. ‘‘...तां चोराक उघडाचा नाय, पन घरच्यांका येळार उघडांदे रे म्हाराजा!’’

त्या लोकांना आठवड्याभरात आपापल्या खोल्यांना शेवटचं कुलूप लावून चाव्या बिल्डरच्या माणसाकडे द्यायच्या होत्या. नवीन घराचं दार कधी उघडेल ते कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांना वाटलं, ही ओळ त्याबद्दलच आहे. सबंध गाऱ्हाण्यात एवढं मोठं ‘‘व्हय म्हाराजा’’ दुसऱ्या कुठल्या ओळीला मिळालं नाही. पलीकडच्या इमारतीतले लोक गॅलरीत आले. एक बाई तर डोळे पुसत दोनदा म्हणाल्या.

नंतर शिरा खाताना माझ्या शेजारी चाळीतले सगळ्यांत वयस्कर गृहस्थ बसले होते. पोरांनी त्यांना विचारलं, ‘‘आबा, ती कुलपाची ओळ भारी होती. परबकाकांनी नवीन घातली काय?’’

‘‘नवीन?’’ आबा रागावले. ‘‘अरे, आमच्या गावच्या गाऱ्हाण्यात ती पयल्यापासून आसा. माझ्या आज्याच्या तोंडून आयकलंय मी.’’

परबने समोरून माझ्याकडे बघितलं. मी बशी पुढे केली आणि आणखी थोडा शिरा वाढून घेतला.